‘छोटा बाऊल, कमी कटकट’ हे कुणी सांगितलं?

मासे पाळण्याविषयीचा एक मेसेज दर काही महिन्यांनी पुन्हा फिरायला लागतो. मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवलाय, त्यातल्या दोघांनी वर ‘तुला उपयोगी पडेल’ असंही लिहिलं होतं. मजकूर थोडक्यात असा: सुरुवात छोट्या बाऊलने करा, त्यात मेहनत कमी. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा आणि सकाळी मासे सोडा. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून टाकी, खडे, फिल्टर घासून लख्ख करा. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, तेव्हा जागेची चिंता नको. तसंही त्याला तीन सेकंदांपलीकडचं काही आठवत नाही. समुद्री मासे हवे असतील तर पाण्यात मीठ घाला. आणि हौस फिटली की जवळच्या तळ्यात सोडून द्या. तळाशी ‘दिवसातून एकदाच आणि थोडंच खायला घाला’ असंही एक वाक्य आहे. तेवढं बरोबर आहे.

रात्रभर ठेवलेल्या पाण्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त मासे त्यानेच मरतात. पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन बहुतेक उडून जातो, हे खरं. पण अनेक ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग, असतं आणि ते असं उडत नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेलं वॉटर कंडिशनर लागतं. तेही क्लोरामाइन फोडताना थोडा अमोनिया मागे ठेवतं, म्हणून अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर घेतलेलं बरं.

हे झालं फक्त नळाचं. खरी गोम पुढेच आहे. मासा सतत अमोनिया सोडतो, आणि बराचसा विष्ठेतून नव्हे तर थेट कल्ल्यांमधून. उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. जुन्या टाकीत जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विषारी, तिसरं बऱ्यापैकी सोसवणारं. नव्या कोऱ्या टाकीत हे जीवाणू नसतातच म्हटलं तरी चालेल. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एका रात्रीत फार तर पाण्यातली धूळ खाली बसते.

माझी पहिली टाकी चाळीस लिटरची होती. पाणी इतकं नितळ की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यायचं. सहाव्या दिवशी सकाळी सगळे गप्पी वर येऊन पृष्ठभागाला तोंड लावून होते, भराभर कल्ले हलवत. मी एअर पंप वाढवला, उपयोग शून्य. शेवटी टेस्ट किट आणलं. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, वर थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गर्द हिरवं झालं, आणि टाकी मात्र तशीच काचेसारखी. अमोनियाला रंगच नाही, दिसणार कुठून?

त्यातही एक मेख आहे. किट एकूण अमोनिया दाखवतं, पण मारक असतो त्याचा मुक्त भाग, आणि तो किती हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी यावर, ठरतं. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर तो जेमतेम अर्धा टक्का, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. एकच आकडा एका टाकीत चालून जातो आणि दुसरीत मासे मारतो तो यामुळे. ‘माझे तर सहज जगले’ म्हणणारे खोटं बोलत नसतात, त्यांचं पाणी वेगळं असतं.

करायचं काय? टाकीत मासे न सोडता अमोनियाचे मोजून थेंब किंवा चिमूटभर मत्स्यखाद्य टाकायचं, फिल्टर चालू ठेवायचा आणि मोजत राहायचं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार. कुणाच्या चालत्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मिळाला तर काम बरंच लवकर होतं. घाणेरडा, तपकिरी, बुळबुळीत स्पंज. नवशिक्यासाठी याहून चांगली भेट नाही.

आता तोच स्पंज दर आठवड्याला नळाखाली घासून लख्ख करायला सांगणाऱ्या सल्ल्याला काय म्हणावं? हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. २०१५ मध्ये दोन संशोधनगटांनी दाखवून दिलं की नायट्रोस्पिरा गटातले काही जीवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करतात. त्यातल्या एका गटाला ते मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्येच सापडले होते. क्लोरीनच्या पाण्याने फिल्टर धुतला की ही सगळी वसाहत साफ, आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर. दर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदलावं आणि स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा पिळावा, बस्स.

बाऊलची मेहनत कमी, हा तर उलटा हिशेब आहे. खाण्याचा एक दाणा चार लिटरच्या बाऊलमध्ये कुजला तर साठ लिटरच्या टाकीपेक्षा पाण्यात पंधरापट दाट घाण होते. तापमानही तसंच, थोडं पाणी दुपारी चटकन तापतं आणि रात्री चटकन निवतं. मोठ्या टाकीत चूक झाली तर सुधारायला दोन दिवस मिळतात, बाऊलमध्ये दोन तास. वर निमुळतं तोंड, म्हणजे हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी आणि ऑक्सिजनही कमी. ‘पण फायटर मासा (बेट्टा) तर बाऊलमध्ये राहतो!’ राहतो, कारण तो वर येऊन हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो. अमोनिया त्याचेही कल्ले तितकेच जाळतो. इटलीत मोन्झा शहराने २००४ मध्ये गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवायला बंदी घातली, पुढच्या वर्षी रोमनेही. लोक हसले होते तेव्हा. मीही.

टाकीच्या मापाने मासा वाढतो म्हणे. वाढत नाही, खुंटतो. साचलेली घाण, अपुरा ऑक्सिजन आणि सततचा ताण यांनी वाढ थांबते, कधी कणाही वाकतो, आणि मासा लवकर मरतो. साधा गोल्डफिश नीट ठेवला तर तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. इंग्लंडमधल्या एका जत्रेत १९५६ साली बक्षीस मिळालेला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला, त्रेचाळीस वर्षांचा होऊन. बाऊलमधला वर्षभर टिकला तर आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो.

तीन सेकंदांच्या स्मरणशक्तीवर फार वेळ घालवत नाही. जाळ्यातून निसटायची वाट शिकवलेल्या रेनबोफिशना ती अकरा महिन्यांनीही आठवत होती, असा प्रयोग झालेला आहे. आणि माझे मासे, मी रिकाम्या हाताने गेलो तर ढिम्म हलत नाहीत, पण खाण्याचा डबा उचलला की झाकण उघडायच्या आत कोपऱ्यात गोळा होतात.

मिठाचं मात्र ऐकून घ्या, कारण तिथे चूक महागात पडते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला साधारण ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइडचा, म्हणजे आपल्या मिठाचा. उरलेल्यातच तर सगळी गंमत आहे. लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम नसेल तर प्रवाळ सांगाडा कशाचा बांधणार? मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट लागतं. म्हणून यासाठी वेगळं तयार समुद्री मीठ मिळतं. आणखी एक गोष्ट, पाण्याची वाफ होते, मिठाची नाही. शंभर लिटरमधलं पाच लिटर उडालं की ३५ चे जवळजवळ ३७ होतात. घट भरताना नवशिका हमखास पुन्हा खारं पाणी ओततो. भरायचं असतं ते गोडं पाणी, आणि तेही रोज थोडं थोडं.

समुद्री मासा घेताना तो टाकीतच जन्मलेला आहे का, हे विचारा. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे पैदास केलेले असतात, पण समुद्री माशांपैकी बरेच अजून प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात, काही ठिकाणी सायनाइडने गुंगवून. क्लाउनफिशची पैदास मात्र अनेक वर्षं होते आहे. तो जन्मतः नर असतो आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे दोन लहान पिल्लं आणली की जोडी आपसूक जमते.

राहिलं तळ्यात सोडणं. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात टाकीत वापरली जाणारी एक हिरवी वनस्पती, कॉलेर्पा, दिसली. जेमतेम एक चौरस मीटर. पुढे ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर दूरवर पसरली. सोडलेले गोल्डफिशही तळ उकरून तळ्याचं पाणी गढूळ करतात. नको झालेला मासा दुसऱ्या हौशी माणसाला द्या, दुकानात परत द्या. गोड्या टाकीतून काढलेलं पाणी झाडांना घाला, त्यातलं नायट्रेट त्यांना खतासारखं लागू पडतं. समुद्री टाकीचं तेवढं घालू नका. मी एकदा घातलं होतं, कुंडी अजून रिकामी आहे.