प्रति, माननीय परीक्षक

मराठीचे तास नवीनच मिळालेत ना? सहावी ते आठवी? मग उपयोजित लेखन शिकवायला घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मुलं पत्र आयुक्तांना लिहोत नाहीतर मामाला, बातमी लिहोत नाहीतर छत्रीची जाहिरात, वाचणार कोण? तुम्ही. तेही लाल पेन हातात धरून, शेजारी वह्यांचा गठ्ठा ठेवून. तेव्हा 'हे कोण वाचणार आहे, त्याला काय सांगायचंय' असले प्रश्न वर्गात काढून मुलांच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका.

पोरं आधीच बिघडून आलेली असतात. सातवीतला कुठलाही मुलगा आईच्या मोबाइलवरून काय पाठवतो ते बघा. मित्राला, 'गणित टाक रे पटकन.' सरांना, 'नमस्कार सर, मला ताप आहे, त्यामुळे आज येऊ शकणार नाही.' आणि गावाकडच्या आजीला फक्त, 'आजी, तू दिलेल्या चकल्या संपल्या.' मागितलं काहीच नाही, तरी पुढच्या एसटीने डबा हजर! कुणी न शिकवता आलेली ही अक्कल वेळीच मोडून काढली नाही, तर दहावीला जड जाते.

समजा, तुम्ही तक्रारपत्र लिहायला दिलंत आणि एका मुलीने लिहिलं: 'शाळेच्या मागच्या फाटकासमोर, वडापावच्या गाडीला लागून जे गटार आहे, त्याचं झाकण जूनपासून गायब आहे. वर फळी टाकली आहे, पण जोराचा पाऊस आला की ती तरंगत बाजूला जाते. काल पाचवीतल्या मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.' ताबडतोब लाल रेघ मारा. असं पत्र चुकून कचेरीत पोचलं, तर तिथला माणूस थेट फाटकाशीच येऊन उभा राहील. त्यापेक्षा फळ्यावर लिहून द्या: 'आमच्या परिसरात अस्वच्छतेचे साम्राज्य पसरले असून नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे. तरी आपण जातीने लक्ष घालून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.' हे कोल्हापुरात चालतं, गोंदियात चालतं. गटाराला चालतं, डासांनाही चालतं. खाली सही 'अ. ब. क.', म्हणजे कार्यवाही कुणाला कळवायची हाही प्रश्न मिटला.

आत्मवृत्ताला फार वेळ देऊ नका. वडाचं झाड असो, फाटकी चप्पल असो की बंद पडलेला मोबाइल, सगळ्यांनी 'मित्रा, ऐकतोस ना माझी कहाणी?' असंच बोलायचं आणि शेवटी आईच्या हाकेने जाग यायची. जाहिरातीत चौकट महत्त्वाची. दोन रंगांची स्केचपेनं, कोपऱ्यात फुलं आणि 'त्वरा करा!' छत्री कोण घेणार, त्याच्या खिशात किती आहेत, या दुकानदाराच्या चिंता.

लांबीचंही तसंच. पान भरलंच पाहिजे. उद्या हीच मुलं माहितीच्या अधिकारात अर्ज करतील, तेव्हा महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्यांना एकच विषय साधारण १५० शब्दांत बसवावा लागेल. हे आत्ता कशाला सांगता? आपल्याकडे दीडशे शब्द 'मानव हा समाजशील प्राणी आहे'पासून मूळ मुद्द्याला पोचेपर्यंतच खर्ची पडतात.

दर वर्षी एखादं कार्टं विचारतंच, 'बाई, हे पत्र खरंच पेटीत टाकायचं का?' वर्ग हसेल, हसू द्या. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं, हे मात्र बोलून दाखवू नका. आणि तेवढं करूनही त्या मुलीने आपलं पत्र गुपचूप टाकलंच, आठवड्याभरात दोन माणसं येऊन गटारावर झाकण बसवून गेली आणि ती वही घेऊन तुमच्यापुढे उभी राहिली, तरी विरघळू नका. गुण वाढवायचे नाहीत. 'विषय'खाली रेघ नव्हती.