लांबच्या अन्यायासाठी प्रार्थना

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर शनिवारी रात्री मध्यस्थीच्या प्रार्थनेचे विषय येतात. जुलैअखेरच्या यादीत युक्रेन होतं, सुदान होतं, गाझा होतं, पाऊस आणि आजारी माणसं होती. त्याखाली तरुण संघातल्या एका मुलीने विचारलं, "१० ऑगस्ट जवळ आलाय. यंदा काळा दिवस पाळायचा का? काळी फीत लावू आणि एक प्रार्थना करू, बाकी काही नको." दोन मिनिटांत सचिवकाकांचं उत्तर आलं : "देवाच्या घरात राजकारण नको." त्यावर पटापट जोडलेले हात उमटले.

माझ्याकडे, जर्मनीत, संध्याकाळचे सहा वाजले होते. ट्राममध्ये उभ्या उभ्या ते हात मोजले, चौदा होते. डोकं तडकलं ते आजतागायत पुरतं शांत झालेलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १० ऑगस्ट १९५० ला अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि त्यात हिंदू धर्माबाहेरचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असं ठरलं. १९५६ मध्ये शिखांसाठी दार उघडलं, १९९० मध्ये बौद्धांसाठी. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नुसत्या सवलतीच जातात असं नाही, १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. गावात मात्र कोण कुठल्या वाड्यातला हे बाप्तिस्मा घेऊन चार पिढ्या झाल्या तरी कुणी विसरत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान देशभरातली चर्चेस १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. आमची पाळत नाही.

म्हणजे सुदानसाठी गुडघे टेकायचे, त्याला प्रार्थना म्हणायचं. आणि मागच्या बाकावरच्या माणसाचा प्रश्न आला की ते राजकारण!

आमच्या सभागृहात पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक यांच्या तसबिरी आहेत. दोघं जन्माने ब्राह्मण. समोर बाकांवर बसतात ते बहुतेक महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेल्यांचे पणतू. त्या पणजोबांची तसबीर नाही, फोटो काढायची ऐपत कुणाची होती? पण तसबीर लावलीच आहे तर तिचं तरी ऐका. रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या एवढंच आम्ही दर वर्षी सांगतो. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या इस्पितळात बायकांचे हाल झाले, तेव्हा त्यांनी गोऱ्या सरकारच्या कारभारावर वर्तमानपत्रात जाहीर टीका केली, हे कुणी सांगत नाही. त्यांना कुणी सांगितलं असेल का, बाई, राजकारण नको?

मी लाइपझिगला राहतो. इथे सोमवारी पाच वाजता निकोलाय चर्चमध्ये फ्रीडेन्सगेबेट असतं, शांतीसाठी प्रार्थना. ऑफिस जवळ असल्याने बऱ्याचदा जातो. १९८२ पासून ते चालू आहे. काकांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य आहे, "आपण मूठभर, आपण गप्प बसावं." पूर्व जर्मनीतली चर्चही अशीच आक्रसत गेलेली, सरकारच्या डोळ्यांत खुपणारी आणि बाकाबाकावर खबरे बसलेली. ९ ऑक्टोबर १९८९ ला तर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने आपली शेकडो माणसं दुपारपासूनच चर्चमध्ये आणून बसवली, बाहेरच्यांना जागाच मिळू नये म्हणून. ती बसली आणि त्यांना येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकावं लागलं : जे आत्म्याने दीन ते धन्य. बाहेर पडले तर रस्त्यावर सत्तर हजार माणूस. एक गोळी सुटली नाही. महिन्याने बर्लिनची भिंत पडली.

हे सगळं मी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं. वर बायबलमधले अन्यायाविरुद्ध बोलणारे आमोस, यशया आणि लूकचा चौथा अध्याय. 'सत्तेच्या अधीन राहा' म्हणणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय कुणी काढणार हे माहीत होतं, त्याचंही उत्तर आधीच देऊन ठेवलं. स्टॅन स्वामींनाही आणलं. एल्गार परिषद खटल्यात अटक झालेले चौऱ्याऐंशी वर्षांचे जेझुइट फादर, कंपवाताने हात थरथरायचे, तुरुंगात पाणी प्यायला स्ट्रॉ मागावा लागला. ५ जुलै २०२१ ला कोठडीतले कैदी म्हणूनच इस्पितळात वारले. त्या रविवारी आपल्या यादीत ते होते का, असं विचारलं. स्क्रोल करून करून अंगठा दुखेल एवढा लांब मेसेज. पाठवला आणि समाधानाने झोपलो.

काय लिहिलं नाही तेही सांगतो. १९३३ नंतर याच जर्मन प्रॉटेस्टंट चर्चचा मोठा हिस्सा हिटलरसमोर वाकला. युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्टला चर्चच्या पुढाऱ्यांनी जाहीर कबुली दिली, आम्ही अधिक धैर्याने बोलायला हवं होतं अशी, आणि त्या कबुलीतही ज्यूंचा शब्दाने उल्लेख नाही. हे मी गाळलं. सोयीचं नव्हतं. निकोलाय चर्चमध्ये आता सोमवारी किती जण असतात तेही गाळलं. आणि प्रार्थनेनंतर शेजारच्या बाकावरच्या आजी मला प्रेमाने म्हणाल्या होत्या, "तुम्ही हिंदू असून आमच्यात येता, किती छान!" मी म्हटलं, आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. त्या चुकचुकल्या आणि म्हणाल्या, "अरेरे, तिकडेही मिशनरी पोहोचले." गावी आम्ही परक्या धर्माचे, आणि त्या धर्माच्या लोकांत आल्यावर हिंदू. त्या दिवशी पायीच घरी आलो.

काकांनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला एकट्याला मेसेज आला. (तपशील थोडा बदलला आहे, कळेलच का ते.) "बाळा, सलाम. मोठ्याच्या पोरीची जात पडताळणी चालू आहे. सीट त्यावर आहे. दक्षता पथकाचा माणूस गावात चौकशी करून गेला. ग्रुपवर जास्त लिहू नको."

काकांच्या घरातल्या शाळेच्या दाखल्यांवर 'हिंदू' आहे. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. रविवारी ख्रिस्ती, कागदावर हिंदू. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईंचा दावा याच कारणावरून फेटाळला. बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, मग नोकरीपुरतं हिंदू म्हणवणं म्हणजे संविधानाची फसवणूक, असं म्हटलं. काळी फीत लावून बसलेल्या आजोबांचा फोटो फेसबुकवर गेला असता तर नातीचं काय झालं असतं, हे काकांना दोन मिनिटांत कळलं होतं. मला एवढं पुराण लिहूनही कळलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर अशा घरांना मी लहानपणापासून नावं ठेवत आलो. आमच्या पप्पांनी दाखल्यावर 'ख्रिस्ती' लिहिलं. त्यांची शिष्यवृत्ती गेली, पुढे बढतीही हुकली, पण त्यांनी शब्द बदलला नाही. त्याचा ताठा मात्र माझ्या मानेत आला. "दोन दगडांवर पाय," असं मी काकांच्या मुलांच्या तोंडावर म्हणालेलो आहे. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "देव काय दाखला बघतो का?" मी हसायचो.

लाइपझिगला आलो त्या आठवड्यात आनमेल्डुंगच्या, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीच्या, फॉर्मवर धर्माचा रकाना होता. बरोबर आलेला सहकारी, आधी आलेला म्हणून शहाणा, माझ्या कानाशी लागला : "काही लिहू नकोस. आयकरावर आणखी ९ टक्के चर्चला जातात." मी पेन उचललं आणि रेघ मारली. अर्धं मिनिट लागलं असेल. माझ्यामागे दक्षता पथक नव्हतं, सीट जायची नव्हती. बाहेर आल्यावर मनात जे आलं ते शब्दशः हे होतं : देव काय फॉर्म बघतो का.

तेव्हापासून दर महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर, टॅक्सच्या वर्गाच्या बाजूला, त्या रकान्यात दोन आडव्या रेघा येतात. ॲडव्हेंटमध्ये, नाताळाआधीच्या आठवड्यांत, 'ब्रोट फ्युर दि वेल्ट' या चर्चच्या मदतसंस्थेच्या पाकिटात वीस युरो घालतो, आफ्रिकेसाठी. ते नियमाने.

ग्रुपवर त्या मुलीने माझ्या मेसेजला बदाम दिला होता. चार दिवसांनी तिने विचारलं, "दादा, तिकडे नोंदणीत धर्म विचारतात म्हणे. तुम्ही बिनधास्त लिहिलं असेल ना?" तिला टोमणा मारायचा नव्हता. माझे लांब मेसेज ती खरेच मानते.

परवा सोमवारची प्रार्थना झाल्यावर मी इथल्या पाळकबाईंना गाठलं आणि नाव कसं नोंदवायचं ते विचारलं. त्या म्हणाल्या, सोपं आहे, एक अर्ज आणि बाप्तिस्म्याचा दाखला.

माझा बाप्तिस्मा आमच्या मंडळीत झाला. दाखला तिथल्याच रजिस्टरवरून मिळतो. ते जाड, कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर सचिवांच्या ताब्यात असतं, आणि माझ्या नावाच्या पुढच्या-मागच्या पानांवर काकांच्या तिन्ही मुलांची नावं आहेत. फोन लावून म्हणायला हवं, काका, ते रजिस्टर जरा बाहेर काढता का.