‘एवढ्याशा गोष्टींचे कौतुक कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ताई,

दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रोजच्या जगण्यात काय काय परत मिळते, या विषयावरील माझ्या लेखाखाली आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिली आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : सकाळी हात न थरथरणे, नाश्ता रुचणे, खिशात पैसे उरणे या गोष्टी न पिणाऱ्या माणसांना रोजच मिळत असतात, त्यांना ‘कमाई’ म्हणणे हे पिणाऱ्याचे फाजील लाड आहेत, घरच्यांनी जे सोसले त्याचा या कौतुकात कुठेच हिशेब नाही, आणि आपल्या धाकट्या भावाने दारू सोडून तीन महिने होत आले तरी तो रात्री जागतो, दिवसा चिडतो, कशातही त्याचे मन लागत नाही, त्यामुळे असले लेख खोटी आशा दाखवतात. मी शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो आत्ता एका घरात प्रत्यक्ष घडतो आहे.

भावाच्या ज्या तक्रारी आपण लिहिल्या आहेत, त्या दारू सोडणाऱ्यांच्या सभांमध्ये बसणाऱ्या कोणालाही ओळखीच्या वाटतील. दारू मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा प्रभाव दाबते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःचा तोल राखण्यासाठी सतत उलट दिशेने जोर लावत असतो, आणि दारू एकदम थांबली तरी हा जोर लगेच ओसरत नाही. पहिल्या आठवड्यातली थरथर, घाम, फिट आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास होणारा भ्रम यांचे मूळ तिथे आहे. भ्रमाची ही अवस्था जिवावर बेतू शकते, म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय अचानक दारू बंद करू नये, हे मी प्रत्येक वेळी लिहितो आणि इथेही लिहितो.

तो आठवडा सरला की घरच्यांना वाटते, आता सुटलो. प्रत्यक्षात त्यानंतरचा काळ अधिक लांबलचक असतो. दारूमुळे डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते आणि स्वप्नांची झोप दबली जाते. दारू थांबल्यावर ही दबलेली झोप उसळून वर येते; ठळक स्वप्ने पडतात आणि त्यांत पुष्कळदा माणूस स्वतःला पिताना पाहतो. पहाटे घामाघूम होऊन उठणाऱ्याला आपण खरोखर प्यायलो नाही याची खात्री पटायला काही क्षण जातात. झोपेची घडी बसायला कित्येकांना महिने लागतात. आनंदाची जाणीव करून देणारी डोपामिनची यंत्रणाही या काळात मंदावलेली असते. ज्या माणसाला क्रिकेट आवडत होते त्याला सामना पाहावासा वाटत नाही, मुलांच्या गप्पांत त्याचे लक्ष टिकत नाही. आपला भाऊ रुसलेला किंवा कृतघ्न आहे असा निष्कर्ष यातून काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लहान गोष्टींकडे बोट दाखवण्याचे माझे कारणही हेच आहे. बायकोचा विश्वास, फिटलेले कर्ज, नोकरीतली पत यांतले काहीही तिसऱ्या महिन्यात परत येत नाही. काहींच्या बाबतीत ते कधीच पूर्वीसारखे होत नाही. जो केवळ त्यांचीच वाट पाहत बसतो त्याला तिसरा महिना पूर्ण रिकामा वाटतो, आणि दारूचा पहिला पेग मात्र काही मिनिटांत आपला मोबदला देतो. इतक्या तत्पर प्रतिस्पर्ध्यासमोर टिकायचे असेल, तर त्याच दिवशी मिळणाऱ्या गोष्टी त्याच दिवशी ओळखण्याची सवय लावून घ्यावी लागते. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी अमेरिकेत १९३५ साली सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेने ‘फक्त आजचा दिवस’ हे सूत्र धरले, त्यामागे हीच जाण आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या निवासी व्यसनमुक्ती केंद्रांतही ठरल्या वेळी उठणे, व्यायाम, जेवण, गटचर्चा असा दिवसाचा क्रम हा उपचाराचाच भाग असतो. सवय एकदम मोठी होत नाही, ती दिवसाच्या मापानेच वाढते.

आता ‘हे तर सगळ्यांनाच मिळते’ या मुद्द्याकडे येतो. मिळते, हे खरे आहे. पण थरथरणारा हात म्हणजे काय, हे ज्याने भोगले नाही त्याला नुसत्या वाक्यावरून कळणे अवघड आहे. माझ्या पिण्याच्या शेवटच्या काळात आई मला चहा अर्धाच कप देत असे, आणि त्याबद्दल आम्ही दोघेही कधी बोललो नाही. बँकेत सही जुळत नाही म्हणून धनादेश परत आलेली, आणि म्हणून सही करण्यापुरता हात स्थिर राहावा यासाठी सकाळी नऊला पिऊन बँकेत गेलेली माणसे मी सभांमध्ये ऐकली आहेत. अशा माणसाला एके दिवशी सरळ सही करता येते, तेव्हा त्याच्यापुरता एक व्यवहार त्याच्या ताब्यात परत आलेला असतो. त्याला ‘कमाई’ म्हणायला मी कचरत नाही.

माझ्या मते याहूनही मोठी कमाई बाहेरून दिसतच नाही, आणि ती म्हणजे लपवण्यासारखे काही न उरणे. व्यसनी माणसाचे पिणे हे दिवसभराचे काम असते. गांधी जयंतीला आणि मतदानाच्या आधी दुकाने बंद राहणार म्हणून आदल्या दिवशी साठा करून ठेवायचा; बाटली माळ्यावर, स्कूटरच्या डिकीत किंवा फ्लशच्या टाकीत ठेवायची आणि कुठे ठेवली ते लक्षात ठेवायचे; घरात शिरण्यापूर्वी वेलची किंवा बडीशेप चघळायची; ऑफिसात काय कारण सांगितले, सासुरवाडीला काय सांगितले, याची मनात नोंद ठेवायची; आणि सकाळी डोळे उघडताच फोन पाहायचा, रात्री कोणाला काय बोललो याचा अंदाज बांधण्यासाठी. दारू सुटली की ही सगळी राबणूक एकाच वेळी थांबते. नाकाबंदीत हवालदाराने तोंडासमोर यंत्र धरले तरी छातीत धडधडत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, याची आठवण मागे लागत नाही. आदल्या रात्रीचे सगळे आठवत असणे, ही सुरुवातीच्या महिन्यांत मला रोज सकाळी नव्याने जाणवणारी गोष्ट होती.

पैशाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो हिशेब कोणालाही करता येतो. रोज २०० रुपये दारूत जात असतील तर वर्षाला ७३,००० होतात, आणि त्यात चखणा, रिक्षाभाडे, बुडालेल्या रोजाचे पैसे धरलेले नाहीत. शरीराचे बदलही साधारण ठरलेल्या वाटेने जातात : पोटातली जळजळ कमी होते, भूक लागते, अनेकांचा रक्तदाब उतरतो, आणि यकृतात साठलेली चरबी केवळ दारूमुळे असेल तर ती काही आठवड्यांतच घटू लागते. सिऱ्होसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, झाला असेल तर यकृतावरचे व्रण मात्र सहसा मागे फिरत नाहीत, तरीही दारू थांबवल्याने आयुष्य वाढते.

राहिला घरच्यांच्या हिशेबाचा प्रश्न, आणि तिथे आपला राग मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. न पिणे ही घरच्यांवर केलेली मेहेरबानी नव्हे, आणि महिना दोन महिने न प्यायलेल्या माणसाने ‘आता तरी माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणणे हा त्यांच्यावर नवा अन्याय आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसने दारूतून बाहेर पडण्यासाठी सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी आठवी पायरी आपण ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करण्याची आहे, आणि नववी ती भरपाई प्रत्यक्ष करण्याची. मात्र त्या प्रयत्नातून कोणाला आणखी इजा होणार असेल तर तो टाळावा, असेही त्यात म्हटले आहे. या पायऱ्या इतक्या पुढे ठेवल्या आहेत, कारण स्वतःच्या पायावर उभे न राहिलेल्या माणसाने मागितलेली माफी तो पुन्हा प्यायला की घरच्यांना दुप्पट दुखावते. मी ज्यांना कमाई म्हणतो त्या गोष्टी या भरपाईच्या खात्यात जमा होत नाहीत. त्या माणसाला भरपाई करण्यापर्यंत तगवून नेतात, एवढेच त्यांचे काम आहे. आपल्याला भावाचे कौतुक करावेसे वाटत नसेल तर करू नये. ते आपल्याकडून मागण्याचा अधिकार त्याला नाही, आणि मलाही नाही.

आपण शेवटी विचारले आहे की, या अवस्थेत आम्ही त्याच्याशी वागायचे तरी कसे. माझा अनुभव सांगतो, तो आपल्या घराला कितपत लागू पडतो ते आपणच ठरवावे. बहुतेकांना संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ सर्वांत जड जातो, म्हणून त्या वेळी त्याला उपाशी आणि एकटे राहू देऊ नये. पोटात काही गेले की ओढ पुष्कळदा ओसरते. गोड खावेसे वाटत असेल तर सध्या अडवू नये, मात्र मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारावे. बाथरूममधून बाहेर येताच तोंडाचा वास घेणे किंवा ‘पुन्हा घेतलीस का’ असे रोज विचारणे थांबवावे. शंका वाटलीच तर ती एकदाच आणि स्पष्टपणे बोलावी. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू देऊ नयेत, कारण त्यांतल्या काहींची सवय दारूइतक्याच सहजपणे लागते. आणि तीन महिन्यांनंतरही कशात मन लागत नसेल, जगणे नकोसे झाल्याची भाषा तोंडी येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट विनाविलंब घ्यावी, कारण दारूच्या आड दडलेले नैराश्य हा वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

आपल्यासाठीही एक विनंती आहे. व्यसनी माणसांच्या नातलगांसाठी १९५१ पासून अल-अनॉन नावाची संघटना काम करते आणि आपल्याकडेही तिच्या सभा भरतात. तिथे जाण्यासाठी भाऊ सभेला जातो की नाही, तो टिकतो की घसरतो, याच्यासाठी थांबण्याची गरज नाही. आपल्या प्रतिक्रियेत त्याच्या झोपेबद्दल चार ओळी आहेत आणि स्वतःच्या झोपेबद्दल एकही नाही. ती कशी आहे, हे तिथल्या बायका आपल्याला पहिल्याच दिवशी विचारतील.