बीएमपी२८० घ्या, सगळं होतं? थांबा जरा

सध्या जिकडेतिकडे एकच सल्ला फिरतोय, की हवेचा दाब मोजायचाय ना, मग जास्त विचार न करता सगळ्यात स्वस्त सेन्सर बीएमपी२८० घ्या, उंची सेंटीमीटरमध्ये कळते, पाण्याच्या टाकीची पातळी कळते, टायरची हवा मोजून होते, हवामान तर होतंच, आणि ५ व्होल्टला डायरेक्ट जोडा. सेन्सर झकास आहे, मी पण तोच वापरतो, पण सल्ला अर्धा फसवा आहे.

सेंटीमीटरचं आधी. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कल (म्हणजे १०० पास्कल) उतरतो, म्हणजे बोर्ड जमिनीवरून टेबलावर ठेवला तर फरक जेमतेम ९ पास्कलचा. तो दिसतो, खोटं नाही! सेन्सरचा फिल्टर (आकड्यांची चढउतार गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद असेल तर आकडे दहाएक सेंटीमीटर नाचत राहतात, ओव्हरसॅम्पलिंग (एका रीडिंगसाठी किती वेळा मोजायचं) १६ वर नेऊन फिल्टर चढवला की शांत होतात पण मग रीडिंग सावकाश सरकतं. खरी गंमत पुढेच, मी बोर्ड टेबलावर तसाच रात्रभर सोडला आणि सकाळी बघतो तर हा आपला १५ मीटर खाली उतरलेला. सेन्सर बरोबरच होता, बाहेरचा दाब दोनेक हेक्टोपास्कल चढला होता. त्यामुळे सुरुवातीला शून्य धरून पाच मिनिटांचं उड्डाण मोजायचं तर बिनधास्त घ्या, पण दिवसभराची उंची हवी असेल तर दुसरा सेन्सर खाली ठेवून वजाबाकी करावी लागते, आणि महागडा बीएमपी३८८ आणलात तरी ही वजाबाकी काही टळत नाही.

टाकी आणि टायर, हे कुणी लिहिलं देव जाणे. याची रेंज ३०० ते ११०० हेक्टोपास्कल. १ मीटर पाण्याचा दाबच ९८ होतो, म्हणजे हवेच्या नेहमीच्या १०१३ वरून निघालात की ९० सेंटीमीटरच्या आतच रेंज संपली, शिवाय वर उघडं भोक आहे, पाणी गेलं की विषय संपला. ३० पीएसआयच्या टायरमध्ये तर ३००० च्या वर असतं. टाकीला नळी जोडता येणारा गेज प्रेशर सेन्सर (बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त ते मोजणारा) लागतो, ०-४० किलोपास्कलवाले छोटे बोर्ड मिळतात, ४ मीटर पाण्यापर्यंत पुरतात, आणि तेही स्वस्तच आहेत.

हवामानाचं मात्र मान्य. तिथे तीन तासांत दाब चढला की उतरला एवढंच बघायचं असतं, १ हेक्टोपास्कलची चूक असली तरी एक ऑफसेट टाकला, म्हणजे ठरावीक आकडा मिळवला किंवा वजा केला, की काम झालं. फक्त ईएसपीच्या (सेन्सर जोडतो त्या वाय-फाय मायक्रोकंट्रोलरच्या) गरम चिपला चिकटवून नका बसवू, उन्हात तर नकोच.

आणि ५ व्होल्ट? चिपची मर्यादा ३.६ आहे बाबांनो. रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करणारा भाग) नसलेल्या छोट्या बोर्डला ५ दिलेत की गेला.

जाता जाता, बीएमई२८० (आर्द्रताही मोजणारा सेन्सर) म्हणून बीएमपी गळ्यात मारतात, आयडी रजिस्टर (चिपमधला ओळख क्रमांक) वाचून बघा, हेक्समध्ये ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर आर्द्रता विसरा.