डांग्या खोकल्याची लस जन्मभर पुरते काय?

फोंड्यातल्या आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पुन्हा पुन्हा येत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लहानपणी डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या एकत्रित लसीचे) सगळे डोस झालेल्याला डांग्या खोकला आयुष्यात होत नाही, ज्याला तो होऊन गेला त्याला तर पुन्हा कधीच होत नाही, आणि लसीचा प्रभाव ओसरतो हे खरे मानले, तर ती बाळाला टोचायचीच कशाला? पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी ही तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि त्यांची झळ तान्ह्या मुलांना बसते.

पहिल्या विधानाचे उत्तर आपल्या घरच्या लसीकरण कार्डावरच सापडते. सरकारी वेळापत्रकानुसार बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना पेंटाव्हॅलंट लस मिळते (डीपीटी तिच्यातच असते), मग 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा 5 ते 6 वर्षांच्या वयात डीपीटीचा बूस्टर मिळतो. एकदा घेतलेली लस जन्मभर पुरत असती, तर हे बूस्टर ठेवावेच लागले नसते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते ती टीडी. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्पाचा भाग असतो, डांग्या खोकल्याचा नसतो. म्हणजे शाळेत, किंवा खिळा लागल्यावर दवाखान्यात, घेतलेल्या इंजेक्शनाचा या आजाराशी काही संबंध नाही. लसीमुळे आलेले संरक्षण साधारण 4 ते 12 वर्षे टिकते असा अंदाज आहे, त्यामुळे तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या अंगात त्यातले फारसे उरलेले नसते. खासगी दवाखान्यांत आईवडील हौसेने मागतात ती ‘पेनलेस’ लस ताप आणि सूज कमी आणते, पण तिचे संरक्षण जुन्या लसीपेक्षा लवकर ओसरते. कॅलिफोर्नियात 2010 साली साथ आली, तेव्हा अशाच लसीचे सगळे डोस झालेली 7 ते 10 वर्षांची पुष्कळ मुले आजारी पडली.

दुसऱ्या विधानाला फार वेळ द्यावा लागत नाही. आजार होऊन गेल्याने येणारी प्रतिकारशक्तीसुद्धा 4 ते 20 वर्षांत ओसरते.

तिसरा प्रश्न मात्र मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. लस दिली जाते ती मुख्यतः पहिल्या वर्षासाठी, कारण या आजाराने दगावणारी बहुतेक मुले काही महिन्यांचीच असतात. लस थांबवल्यावर काय होते, हे जपानने पाहिले आहे. तिथे 1974 साली रुग्ण होते 393 आणि मृत्यू एकही नव्हता. 1975 साली लसीच्या भीतीने लसीकरण कोसळले, आणि 1979 साली सुमारे 13,000 रुग्ण आणि 41 मृत्यू झाले.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मोठ्या माणसाला हा आजार ‘हूप’ (खोकल्याच्या उबळीनंतर श्वास आत ओढताना येणारा आवाज) न येता, नुसता आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा खोकला म्हणून होतो, आणि चवथीला घर भरलेले असताना तोच माणूस कौतुकाने बाळाला मांडीवर घेतो. दीड महिन्याच्या आतील बाळाला स्वतःचा एकही डोस मिळालेला नसतो. काही वेळा ते खोकतही नाही, नुसता श्वास थांबतो आणि ओठ निळे पडतात. आईच्या रक्तातून गर्भाला मिळालेल्या प्रतिपिंडांवरच त्याची भिस्त असते, आणि आईची स्वतःची शक्ती ओसरलेली असेल तर ती ते देणार कोठून? म्हणूनच गर्भारपणाच्या 27 ते 36 आठवड्यांत टीडॅप (डांग्या खोकल्याचाही भाग असलेली मोठ्यांची लस) घ्यावी असे प्रसूतितज्ज्ञांची संघटना सांगते. सरकारी केंद्रात गर्भवतीला टीडी मिळते, टीडॅप खासगीत विकत घ्यावी लागते. माझ्या भाचीने सातव्या महिन्यात ती घेतली, आणि बारशाच्या दिवशी खोकणाऱ्या मामांना तिने पाळण्यापाशी येऊ दिले नाही. मामा रुसले, पण तिचे बरोबर होते.