सायक्लोन टेलरचे दोन पगार

१९१० च्या हिवाळ्यात कॅनडातील रेनफ्रू या लहानशा गावाच्या संघाने फ्रेड टेलर नावाच्या आइस हॉकीपटूला बारा सामन्यांच्या हंगामासाठी ५,२५० डॉलर मोजले. बेसबॉलमधला त्या काळचा सर्वांत गाजलेला खेळाडू टाय कॉब याला साधारण ६,५०० डॉलर मिळत, पण त्यासाठी त्याला दीडशेच्या आसपास सामने खेळावे लागत. टेलरबद्दल लिहिणारे बहुतेक जण ही तुलना मोठ्या कौतुकाने करतात. माझी तक्रार एवढीच आहे की टेलरला आणखी एक पगार होता, तो सरकारी होता, आणि तो विषय मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो.

त्या काळी कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात हौशी खेळाचे सोवळे फार कडक होते आणि पैसे घेऊन खेळणारा बाटलेला समजला जाई. पण या सोवळ्याचा जाच हौशी खेळाडूंनाही होई. १९०४ मध्ये टोरँटोच्या मार्लबरोज संघाकडून खेळण्याचे निमंत्रण याच प्रांतातल्या लिस्टोवेल गावच्या तरुण टेलरने नाकारले, तर प्रांतिक संघटनेने त्याला ऑन्टारिओत कोठेच खेळू दिले नाही. दमडीही न देता खेळाडूने कोणाकडून खेळावे हे ठरवण्याचा हक्क गाजवायचा, याला मी हौस म्हणणार नाही, ही वेठबिगारी झाली. टेलर मॅनिटोबा या दुसऱ्या प्रांतात गेला आणि तेथून १९०६ मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या तांब्याच्या खाणींच्या मुलखात, हॉटन येथे पोहोचला. उघडपणे पैसे देऊन खेळाडू खेळवणारी पहिली लीग तेथे चालू होती. त्याला पैशाचा लोभी म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

ती लीग १९०७ मध्ये बंद पडली आणि ऑटावाच्या संघाने त्याला बोलावले. खेळाच्या मोबदल्याबरोबर केंद्र सरकारच्या स्थलांतर खात्यात कारकुनाची नोकरी, असा तो सौदा होता. चांगला खेळाडू टिकवायचा तर त्याला सरकारी खुर्ची द्यावी, ही युक्ती रेल्वे आणि बँकांच्या क्रिकेट संघांवर वाढलेल्या आपल्या वाचकांना मुद्दाम समजावून सांगायला नको.

त्याच्या खेळाचे मोल कळण्यासाठी तेव्हाचा नियम माहीत हवा. एका बाजूला सात खेळाडू असत, बहुतेक जण पूर्ण साठ मिनिटे बर्फावर असत, आणि पुढच्या दिशेने पास देण्यास बंदी होती. म्हणजे पक, अर्थात खेळातली रबरी चकती, स्वतःच्याच काठीवर खेळवत समोरच्यांमधून वाट काढावी लागे. टेलर बचावफळीत उभा राहायचा आणि तेथून थेट दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट निघायचा. हा वेग पाहून कॅनडाचे गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी त्याला चक्रीवादळाची उपमा दिली आणि त्यावरून ‘सायक्लोन’ हे नाव पडले, असे सांगतात. १९०९ मध्ये ऑटावाने स्टॅन्ली कप हा हॉकीतला मानाचा करंडक जिंकला आणि पुढच्याच हंगामात टेलर रेनफ्रूला गेला. रेनफ्रूच्या संघामागे ओब्रायन कुटुंबाचा खाणींतला पैसा होता. संघाचे नाव ‘क्रीमरी किंग्ज’, म्हणजे लोणीवाल्यांचे राजे, पण लोक त्याला ‘मिल्यनेअर्स’च म्हणत. टेलर पाहुणा म्हणून ऑटावात खेळायला आला तेव्हा कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्या प्रेक्षकांनी त्याच्यावर लिंबे आणि बाटल्या फेकल्या. ऑटावाविरुद्ध उलटे स्केटिंग करत गोल मारीन अशी त्याची बढाई होती, आणि तो त्याने मारला की नाही यावर पुढे अनेक वर्षे वाद झाले.

१९१२ मध्ये तो पॅट्रिक बंधूंच्या लीगमध्ये व्हँकुव्हरला गेला आणि सरकारी नोकरीही त्याच्याबरोबर गेली. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बरार्ड खाडीत आले, तेव्हा त्यावर पाऊल ठेवणारा पहिला कॅनेडियन स्थलांतर अधिकारी म्हणजे हाच सायक्लोन टेलर. हिंदुस्थानातून येणाऱ्याने मायदेशाहून एकाच सलग प्रवासात यावे, हा नियम होता, आणि तसा थेट प्रवास घडवणारे जहाजच नव्हते. शिवाय प्रत्येकाने जवळ २०० डॉलर दाखवावेत, ही अट होती. मोजक्या लोकांना उतरू दिले गेले. बाकीचे दोन महिने खाडीत अडकून पडले आणि २३ जुलैला त्यांना परत पाठवण्यात आले. सप्टेंबरअखेर कोलकात्याजवळच्या बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले सुमारे वीस जण मारले गेले. या प्रकरणाच्या संतापाने परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर चळवळीला बळ मिळाले. त्याच चळवळीतले आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले.

तो कायदा टेलरने केला नव्हता आणि निर्णयही त्याच्या हातात नव्हता, हे मला मान्य आहे. तरीही ऑन्टारिओच्या हद्दीत ज्याला स्वतःलाच नियमाच्या जोरावर खेळू दिले गेले नव्हते, तोच दहा वर्षांनी त्याहून कितीतरी निर्दय नियमाचा कागद घेऊन जहाजावर चढला, हे त्याच्या चरित्रातून वगळून कसे चालेल? ती नोकरी त्याला हॉकीमुळे मिळाली होती. पुढे तो त्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर चढला आणि १९४६ मध्ये त्या सेवेबद्दल त्याला ब्रिटिश किताबही मिळाला. हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड १९४७ ची.

जहाज गेल्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च १९१५ मध्ये, टेलरच्या व्हँकुव्हर संघाने ऑटावाला ६-२, ८-३ आणि १२-३ असे हरवून स्टॅन्ली कप मिळवला. हे सामने डेनमन अरीनात कृत्रिम बर्फावर झाले, आणि तो अरीना त्याच बरार्ड खाडीच्या काठी होता.