दहा दिवसांचा घसा

आमच्या घरात कुणाचे काही दुखू लागले की औषधाच्या आधी आरोपी शोधला जातो. पोट बिघडले तर आदल्या रात्रीचा वडा, सर्दी झाली तर ओले केस, पाठ धरली तर ऑफिसातील खुर्ची. एकदा आरोपी ठरला की मोठ्यांना निम्मे बरे वाटते, मग रुग्णाला वाटो वा न वाटो. ही पद्धत वर्षानुवर्षे उत्तम चालली होती. मात्र गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे घशाचे जे सत्र सुरू झाले त्याने तिचे पार वाभाडे काढले, कारण एकाचा घसा सुटतो न सुटतो तोच दुसऱ्याचा धरू लागला आणि दर खेपेस नवा आरोपी पुरवता पुरवता घर थकून गेले.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या थोडे अलीकडे राहतो. घरात सासूबाई, नवरा, दहा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि मी. सासूबाईंचा संशय पहिल्यापासून फ्रिजवर होता. त्यांचे अर्धे आयुष्य नौपाड्यातील चाळीत माठाच्या पाण्यावर गेले आणि त्या काळात चाळीत कुणाचाही घसा कधीही दुखला नाही, असे त्या शपथेवर सांगतात. नवऱ्याच्या मते सारा दोष रस्त्यावरील धुळीचा. वडाळ्याहून कासारवडवलीकडे येणाऱ्या मेट्रोच्या कामापायी त्याने घोडबंदर रस्त्यावर आयुष्याची जी वर्षे घालवली आहेत, ती पाहता कोणत्याही अनर्थाबद्दल त्याने त्या धुळीला जबाबदार धरावे हे मला मान्य आहे. वरच्या मजल्यावरील काकूंनी एसीचे नाव घेतले. मुलीने भावाचे नाव घेतले. मुलगा काहीच बोलला नाही, कारण आदल्या रविवारी तलावपाळीवर बाबांबरोबर खाल्लेल्या काला-खट्टा गोळ्याबाबत दोघांमध्ये काही करार झाला असावा, असे त्यांच्या नजरांवरून दिसत होते.

मुळात मुलाचा घसा आला तोच पोटाच्या वाटेने. शाळेतून आल्यावर तो "पोट दुखतंय" म्हणाला, एकदा उलटी केली आणि अंथरुणावर पडला. सासूबाईंनी तत्परतेने बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. संध्याकाळी ताप चढला, रात्री गिळताना तो रडू लागला आणि पहाटेपर्यंत सबंध खोलीला हिंगाच्या फोडणीचा वास येत होता. लहान मुलांत हा आजार पुष्कळदा असा पोटदुखीचा आव आणून येतो, हे डॉक्टरांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितले. तोवर हिंगाची अर्धी डबी खर्ची पडली होती.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी अर्थातच घरगुती तपासणी झाली. मोबाइलचा टॉर्च, चमचाच्या मागची बाजू आणि "आ कर" हा हुकूम एवढ्या साहित्यावर मराठी घरात कुणीही घशाचा तज्ज्ञ होतो. सासूबाईंना मुलाची पडजीभ वाढलेली दिसली. नवऱ्याला "लाल आहे, पण घसा लालच असतो ना?" असा मूलभूत प्रश्न पडला. मला दोन्ही टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, त्यावर मुलीने ते दुपारच्या दहीभाताचे असल्याचा खुलासा केला. मुलाला गुळणी करायला लावली. दहीभात नव्हता. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी लागत होत्या आणि त्यांना हात लावताच मुलगा ओरडत होता. "अवधाण आलंय," असे म्हणून सासूबाईंनी हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध आणि मधातून सितोपलादी असे सर्व मोर्चे एकाच वेळी उघडले. मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो हे डॉक्टरही मानतात. मात्र सात वर्षांचा मुलगा गुळणी करतो तेव्हा निम्मे पाणी घशाखाली जाते, उरलेले आरशावर.

"खोकला आहे का?" डॉक्टरांनी विचारले.

"छे, अजिबात नाही," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "नाक वाहत नाही, शिंक नाही, आवाजही बसलेला नाही. नुसता घसा."

डॉक्टरांचा चेहरा त्यामुळे उजळेल अशी आमची अपेक्षा होती. तो गंभीर झाला. आमच्याकडे खोकला हा मान्यताप्राप्त आजार आहे. जो खोकतो त्याला आल्याचा चहा मिळतो, शाल मिळते, टीव्हीचा रिमोट मिळतो. जो खोकत नाही त्याचे काही फारसे बिघडलेले नाही, असा रिवाज आहे. डॉक्टरांचे गणित नेमके उलटे निघाले. खोकला, सर्दी, बसलेला आवाज हे बहुधा विषाणूचे लक्षण असते आणि विषाणूला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. एकाएकी चढलेला ताप, सुजून पांढरे ठिपके पडलेले टॉन्सिल, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव ही चौकडी जमली की स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संशय घ्यायचा. मुलांच्या दहा घसादुखींपैकी दोन-तीनच या जंतूमुळे असतात, मोठ्या माणसांत त्याहूनही कमी. म्हणून घशातील नमुना घेऊन खात्री करून घेणे चांगले, असे त्यांनी सांगितले.

नमुना म्हणजे कापूस गुंडाळलेली लांब काडी टॉन्सिलवरून फिरवणे. हे काम प्रत्यक्षात काही क्षणांचे आहे, परंतु मुलाने ती काडी दातांत पकडून ठेवल्यामुळे प्रयोगशाळेतील मुलीला तिच्याशी बराच काळ रस्सीखेच करावी लागली. नमुना रक्त मिसळलेल्या थरावर वाढवून पाहतात आणि त्याला एक-दोन दिवस लागतात. अहवालात अ गटातील स्ट्रेप्टोकोकसची वाढ आढळल्याचे लिहिले होते. सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, "यात कुठे थंड पाण्याचा उल्लेख आहे?" नव्हता. धुळीचाही नव्हता. हा जंतू माणसाच्या घशातून माणसाच्या घशात जातो, शिंतोड्यांतून किंवा उष्ट्या पाण्याच्या बाटलीतून, आणि दोन ते पाच दिवस गुपचूप राहून मग प्रकट होतो; गोळेवाला आणि मेट्रो दोघेही निर्दोष सुटले. नवरा थोडा खिन्न झाला.

औषध निघाले ॲमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच कुळातील. १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध लागला, तेव्हापासून अनेक जंतूंनी त्याला न जुमानण्याची विद्या मिळवली, पण या घशाच्या जंतूला ती आजतागायत जमलेली नाही, ही माहिती डॉक्टरांनी दिली तेव्हा सासूबाई प्रथमच खुर्चीत सावरून बसल्या. त्यांचे एक चुलत दीर पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात नोकरीला होते. १९५४ साली निघालेला तो सरकारी कारखाना म्हणजे त्यांच्या माहेर-सासरच्या दोन्ही घरांत अभिमानाचा विषय. "म्हणजे आपलं पिंपरीचं औषध!" त्या म्हणाल्या, आणि परदेशी जंतूविरुद्ध स्वदेशी उपाय या मुद्द्यावर त्यांनी उपचाराला संमती दिली.

खरी पंचाईत बाटली घरी आल्यावर झाली. लहान मुलांचे हे औषध भुकटीच्या रूपात येते. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरील खुणेपर्यंत घालायचे, हलवायचे, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचे. एवढे सारे झाल्यावर केमिस्टने सांगितलेले शेवटचे वाक्य सासूबाईंच्या कानांवर पडले: "फ्रिजमध्ये ठेवा." ज्या फ्रिजने घसा धरला असे त्या महिनाभर सांगत होत्या, त्याच फ्रिजमध्ये घशाचे औषध! त्यांनी मला बाजूला घेऊन केमिस्टची शैक्षणिक पात्रता विचारली. त्यानंतर रोज दोन्ही वेळा त्या बाटली फ्रिजमधून काढून दहा मिनिटे पदरात गुंडाळून बसत, जेणेकरून नातवाच्या घशाला थंड औषध लागू नये.

आता या आजाराच्या अवघड भागाकडे येते. तो भाग घशात नाही, कॅलेंडरात आहे. औषध दहा दिवस घ्यायचे असते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगा ठणठणीत होतो. सोफ्यावरून उड्या मारतो, बहिणीचे केस ओढतो, पोहे मागतो. एक दिवस औषध पोटात गेले आणि ताप उतरला की शाळेतही जाऊ शकतो, कारण तोवर इतरांना लागण होण्याचा धोका बराचसा सरलेला असतो. अशा मुलाच्या मागे बाटली घेऊन आणखी आठवडाभर धावण्यात काही प्रतिष्ठा नाही. शिवाय पाणी घातलेले औषध फार दिवस टिकत नसल्याने दहा दिवसांना दोन बाटल्या लागतात आणि पहिली बाटली संपली म्हणजे आजार संपला, असे मानण्याकडे कोणत्याही सुखवस्तू घराचा कल असतो. दुसरी बाटली ही वैद्यकशास्त्रातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू असावी, असे माझे मत झाले आहे.

हिशेबासाठी आम्ही कालनिर्णयाचा आधार घेतला. तिथे पूर्वीपासून दुधाच्या खाड्यांच्या फुल्या असत. त्यांत आता औषधाच्या फुल्या मिसळल्या, आणि मुलाच्या सातव्या दिवशी मुलीचाही घसा धरल्यावर तिच्याही. महिनाअखेर दूधवाल्याने आम्ही इतके दिवस दूध घेतलेच नाही, हे पाहून हिशेब आनंदाने स्वीकारला नाही.

दुसऱ्या बाटलीवर घरात मतदान घेतले असते तर ती नक्की पडली असती. नवरा म्हणाला, "ताप नाही, दुखत नाही, कशाला उगाच?" मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले: ताप तर औषधाविनाही तीन-चार दिवसांत उतरतो, त्यामुळे बरे वाटणे हा पुरावाच नव्हे, दहा दिवसांचा खटाटोप आहे तो घशातील जंतू निपटून काढण्यासाठी, कारण तो राहिला तर दोन-चार आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. नवऱ्याने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. सासूबाई मात्र हातातली भाजी निवडायची थांबल्या.

"सांधे सुजतात? आज गुडघा, उद्या मनगट, असे?"

"हो."

"आमच्या शेजारच्या कुसुमला असंच झालं होतं. अकरा वर्षांची होती. सगळे म्हणाले वाढीचं दुखणं. पुढे लग्नानंतर तिच्या झडपेचं ऑपरेशन करावं लागलं."

ज्या चाळीत कुणाचाही घसा कधी दुखला नव्हता, त्या चाळीचा इतिहास अशा रीतीने दुरुस्त झाला. त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि स्वतः जाऊन दुसरी बाटली घेऊन आल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे दहा दिवस म्हणजे दहा दिवस.

याचा पहिला बळी त्यांचा स्वतःचा मुलगा ठरला. मुलांचे संपते न संपते तोच नवऱ्याने घसा धरला आणि प्रौढ पुरुषाचा घसा काय असतो ते सबंध घराने पाहिले. मुले तापातही खेळतात. हा थुंकी गिळण्यापूर्वी घरातल्यांना सूचना देत असे. त्याच्या आजाराची पातळी चौथ्या दिवशी शून्यावर आली आणि त्याबरोबर गोळ्यांवरील श्रद्धाही. पाकिटावरील लाल रेघ त्याला दाखवून, ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सुरू करायची नाही आणि सांगितलेले दिवस भरल्याशिवाय थांबवायचीही नाही असे मी म्हटले, तेव्हा तो लोकल चुकेल असे म्हणून निघाला. सासूबाई लिफ्टपर्यंत गेल्या. ते जमले नाही म्हणून त्यांनी त्याला ठाणे स्टेशनवर फोन केला, मग ऑफिसात केला, आणि तो उचलत नाही असे पाहून ऑफिसच्या स्वागतकक्षात केला. "त्याला म्हणावं, आईने गोळीचं विचारलंय," हा निरोप चालू बैठकीत चिठ्ठीवर लिहून आत गेला. त्यानंतर उरलेल्या सर्व गोळ्या त्याने बिनबोभाट घेतल्या.

एवढे होऊनही मुलाचा घसा पुन्हा धरलाच, तेव्हा डॉक्टरांनी एक नवीनच शक्यता बोलून दाखवली. काही निरोगी माणसांच्या घशात हा जंतू काहीही त्रास न देता मुक्काम करतो. अशा मुलाला साधा विषाणूचा घसा झाला तरी तपासणीत जंतू सापडतो आणि पुन्हा स्ट्रेप झाला असे वाटते. बस, आरोपीचा शोध पुन्हा सुरू! नवऱ्याने जेवताना आईकडे चोरून पाहिले. "माझ्या घशात?" सासूबाई कडाडल्या. "या घशाने मी चाळीस वर्षं गणपतीच्या आरत्या म्हटल्या आहेत!" त्यात नेमके काय सिद्ध होते हे विचारण्याची कुणाची हिंमत झाली नाही. सुदैवाने डॉक्टरांनीच हा तपास बंद केला: असे मुक्कामी जंतू सहसा फारसे पसरत नाहीत, सरसकट घरातल्या सगळ्यांचे घसे तपासण्याची गरज नसते, ज्याला दुखेल त्याचा तपासू.

नातेवाइकांचा मात्र एकच सल्ला होता: "टॉन्सिल काढून टाका." त्यासाठीही डॉक्टरांचे कोष्टक आहे. एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा, आणि तेही नोंदीसकट. आमचे घर यातील कोणत्याच रकान्यात बसेना. पुण्याच्या आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "मग थोडं थांबा, होतील सात." आत्याबाईंचा आशावाद नेहमीच असा असतो.

अखेर परवा मुलाच्या औषधाची शेवटची फुली कालनिर्णयावर पडली. त्याने लगेच फ्रीझरमधील आइस्क्रीमची मागणी केली. मी डॉक्टरांचा दाखला दिला: जंतू आइस्क्रीममुळे येत नाही, उलट दुखऱ्या घशाला गार वस्तूने बरे वाटते. सासूबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"जंतू मेले, मान्य," त्या म्हणाल्या. "अहवालही मान्य. पण मला एवढंच सांग, त्यांना घरात बोलावलं कुणी?" आणि त्यांनी फ्रीझरचे दार लावून टाकले.